उत्तरेकडे मारलेल्या हाका

लुआंग प्रबांग
२१ जानेवारी १९९०

सोमफोनदादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून आई गेली असं तुला वाटलं असेल. आई आहे. गुडघे धरलेत, भात चावताना तोंड वाकडं होतं, पण जिभेची धार तीच आहे. हे पत्र तिला न सांगता लिहितेय, आणि इथल्या टपालात टाकतही नाही. शेजारची थोंगसाय कापड आणायला थायलंडात जाते, ती तिकडून टाकेल. आता पूर्वीसारखी पत्रं फोडत नाहीत म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

तुझं नाव घरात निघत नाही. तिकडच्या विहारात मुंडण करून, चीवर नेसून तू बाबांच्या तसबिरीपुढे बसलास, त्यांचं उत्तरकार्य उरकलंस आणि वर त्याचा फोटो आम्हाला पाठवलास, तेव्हापासून. आई म्हणाली होती, "जित्या बापाची चिता रचणारा माझा कोणी नाही." ते तुला लिहून कळवलं मीच, कारण घरात लिहिणारी मीच. तुझं उत्तर आलं नाही. आलं असतं तर तेही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. फोम्माकाका परत आले. राजवाड्याच्या वाद्यवृंदातले ढोलवाले, बाबांच्या डाव्या हाताला बसणारे, खिशातून चिंचेचे गोळे काढून आपल्याला देणारे. ओळखू आले नाहीत. अंगणात उभे राहिले, शिडीला हात लावला आणि वर यायचं धाडसच करेनात. आईनं खिडकीतून पाहिलं आणि काल भेटलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "फोम्माभावजी, पाय धुवा नि वर या. भात गरम आहे."

ते जेवले. आईनं वाळवलेल्या शेवाळाचे तीळ लावलेले पापड तळले, मिरचीची चटणी पुढे सरकवली आणि त्यांचं जेवण अर्ध्यावर येईपर्यंत काही विचारलं नाही. मग म्हणाली, "हे कुठायत?"

काका चिकट भाताचा गोळा बोटांत वळत राहिले. "आम्हाला वेगळं केलं, वहिनी. त्यांना डोंगरापलीकडच्या छावणीत हलवलं."

"मग लांबून यायचंय त्यांना," आई म्हणाली आणि करंडीतला भात हलवून वर काढून दिला.

मी काकांकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांची बायको-मुली केव्हाच अमेरिकेला गेल्यात, घरात कुठल्याशा कचेरीतला साहेब राहतो. सध्या ते आपल्याच घराखाली, जुन्या मागापाशी निजतात. आईनंच सांगितलं राहायला.

तुला माहीत नाही, म्हणून सांगते. राजानं गादी सोडली तेव्हा आई म्हणाली होती, गादी राजाची गेली, आपली चटई कोण नेतंय. तू तेव्हाच नदी ओलांडून थायलंडात गेलास. पुढच्याच्या पुढच्या वर्षी नव्या सरकारनं राजघराण्यातल्या माणसांना उत्तरेला नेलं. त्यानंतर नव्या वर्षाच्या मिरवणुकीची तालीम चालली होती, तिथूनच वाजवणाऱ्यांना उठवलं. अभ्यासवर्ग आहे, पंधरा दिवसांत परत याल, सणाचे पांढरे कोट काढून ठेवा, तिकडे लागणार नाहीत, असं सांगितलं. आई धावत गेली तोवर गाडी गेली होती आणि मागच्या ओसरीवर कोटांचा ढीग पडला होता. त्यातून तिनं बाबांचा कोट हुंगून काढला नि छातीशी धरून घरी आणला. तेव्हापासून दर नव्या वर्षाला ती तो तबकात ठेवते आणि उत्तरेकडे तोंड करून बाबांच्या ख्वानांना हाका मारते. अंगातल्या बत्तीस प्राणांपैकी एक जरी ख्वान रानात अडकला तरी माणूस अर्धाच परततो, हे तिचं नेहमीचं. असल्या गोष्टींवर बंदी होती त्या वर्षांत मंत्र म्हणायला कुणी म्हातारा येईना, तेव्हा दार लावून, गोधडीत तोंड घालून तिनं स्वतः हाका मारल्या.

मला एकच विचारायचंय. बाबा गेले असं तुला कुणी सांगितलं होतं का? की तू नुसता वाट बघायला कंटाळला होतास?

वानपेंग


लुआंग प्रबांग
४ मार्च १९९०

दादा,

चार ओळी. त्यातली एक हवामानाची. बरं, तुमच्या तुलूझ शहरात बर्फ पडत नाही हे कळलं.

उरलेल्या तीन ओळी मी पुन्हापुन्हा वाचल्या. निर्वासितांच्या छावणीत उत्तरेकडून पळून आलेला एकजण भेटला, त्यानं बाबा तापानं गेले असं शपथेवर सांगितलं, आणि आम्हाला हे लिहिलं तर पत्र फोडणारे आम्हाला छळतील म्हणून तू नुसता फोटो पाठवलास. अरे, मग फोटो फोडणाऱ्यांना दिसला नसता का? तुझी अक्कल कायम अशीच. पण मला रडू आलं, ते का आलं हे मी तुला सांगणार नाही.

तुझं पत्र आलं आणि मी काकांना गाठलं. मी हल्ली राजवाड्यात झाडझूड करते. आता ते संग्रहालय आहे. मध्येमध्ये परदेशी पाहुणे येतात, चपला काढून आत जातात आणि पलंग बघून विचारतात, शेवटचा राजा कुठे गेला. आम्हाला शिकवलेलं उत्तर आहे, "उत्तरेला गेले." पुढे कुणी विचारलं तर आम्हाला भाषा येत नाही. काकांना म्हटलं, चला, तुमचा ढोल बघून या, वाद्यांच्या खोलीत दोरी बांधून ठेवलाय.

ते ढोलापुढे उभे राहिले. बाजूला बाबांच्या काशाच्या घंटा, वेताच्या कड्यात गोल बांधलेल्या.

मी म्हटलं, "काका, हात लावलात तर दंड आहे हं."

"माझ्याच बायकोला हात लावायचा दंड?" ते म्हणाले. "खरी बायको अमेरिकेत, ही दोरीत. छान संसार आहे माझा."

मग आम्ही मागच्या पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसलो आणि मी सरळ विचारलं. ते कानांवर हात ठेवतील असं वाटलं होतं. पण ते बोलले.

दादा, तो माणूस खोटं बोलला नव्हता. बाबा दुसऱ्याच हिवाळ्यात गेले. ताप होता, औषध नव्हतं. ओढ्याच्या वरच्या अंगाला एका झाडाखाली पुरलं, भिक्खू नाही, अग्नी नाही. काकांना त्या झाडाचं नाव येत नाही, आपल्याकडे ते होत नाही म्हणाले. शेवटच्या दिवसांत बाबा गुडघ्यावर बोटांनी घंटांची गत वाजवत आणि चुकले की पुन्हा पहिल्यापासून धरत.

याच्यापुढचं लिहू की नको असं झालंय, पण एकटीला पेलत नाही.

काका म्हणाले, "पोरी, मी वेडा नाही, आधीच सांगून ठेवतो. तिथल्या पहिल्या नव्या वर्षाच्या दिवसांत दुपारी लाकडं तोडत होतो, आणि तुझ्या आईचा आवाज आला. 'उदोन, ये रे, घरी ये, रानात राहू नकोस, डोहात राहू नकोस, भात निवतोय.' अगदी कानाशी."

"भास झाला असेल."

"भासच म्हणालो मीही. शेजारी तुझा बाप होता. त्याला म्हटलं, उदोन, अरे, तुझी बायको बोलावतेय. तो थांबला, कान दिला. म्हणाला, मला नाही ऐकू येत. मी म्हटलं, ही काय आता हाक मारली. तो म्हणाला, तू माझी चेष्टा करतोस. तीन दिवस बोलला नाही माझ्याशी."

काकांनी पायरीवरचं वाळकं पान उचलून चुरगाळलं.

"तो गेल्यावरही दर वर्षी आवाज यायचा. नाव त्याचं, आणि येतोय मला. तिथं माणसं हातपाय गाळून पडून राहायची, दुसऱ्या दिवशी उठायची नाहीत. मीही पडलो होतो दोनदा. आवाज आला की उठायचो. भात निवतोय म्हणाली ना, म्हणून जाऊन जे काय असेल ते खायचो. असा जगलो मी. त्याच्या नावावर."

नदीवरून एक होडी गेली, तिच्यातल्या बाईनं काकांना ओळखून हात केला आणि ते हसले. मग आम्ही घरी आलो. आई दारातच बसली होती, चिंचा सोलत. "कुठे होतात दोघं?" म्हणाली. मी म्हटलं, ढोल बघायला. तिला मी काही सांगितलेलं नाही. काकांना म्हटलं, तुम्हीही मूग गिळून बसा. तिची कंबर त्या वाट बघण्यावरच ताठ आहे, ती काढून घेतली तर उरेल काय?

तूही लिहू नकोस.

वानपेंग


लुआंग प्रबांग
२३ एप्रिल १९९०

दादा,

नवं वर्ष झालं. गल्ल्या अजून ओल्या आहेत, पोरांनी अधिकाऱ्यांनासुद्धा पाणी टाकून भिजवलं आणि अधिकारी हसले. काळ बदलला म्हणायचा. प्रबांग बुद्धाची मूर्ती मिरवणुकीनं बाहेर आली, पण आपल्या राजवाड्याचा वाद्यवृंद नव्हता, शाळेतली मुलं वाजवत होती आणि काकांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

आईला कळलं. मी सांगितलं नाही, काकांनीही नाही.

यंदा उघड्या दारानं हाका मारायच्या असं तिनं ठरवलं होतं. केळीच्या पानांचा शंकू केला, झेंडू खोवले, अंडी उकडली, दारूची बाटली थोंगसायनं दिली. मनगटाला बांधायचे पांढरे दोरे लावले. "फोम्माभावजी घरात आहेत, त्यांचेही ख्वान बोलावू," म्हणाली. मग पेटी उघडून कोट काढला. इतकी वर्षं तिनं तो धुतला नव्हता, वास जाईल म्हणून. पांढरा कसला, चहाच्या रंगाचा झालाय. तबकात घडी ठेवताना बाही उलटली.

काका माझ्या समोर बसले होते. त्यांचा चेहराच उतरला.

"वहिनी," ते म्हणाले, "तो कोट जरा देता?"

"कशाला?"

"बघू द्या."

त्यांनी तो पालथा केला आणि काखेत बोट घातलं. तिथं दोन्हीकडे जादा कापडाचा तुकडा जोडलेला होता, बारीक टाक्यांनी. मी तो लहानपणापासून बघत आले, मला वाटायचं कोट असाच असतो.

"हे माझ्या बायकोनं शिवलंय," काका म्हणाले. "ढोल वाजवताना हात वर जातो ना, काख उसवायची. घंटा वाजवणारा हात वर नेत नाही, वहिनी. त्याला कशाला लागेल हे?"

आई म्हणाली, "मी वासावरून आणलाय."

"आम्ही एकाच पुडीतली तंबाखू ओढायचो."

"माझ्या नवऱ्याचा वास मला कळत नाही?"

काकांनी कोट अंगावर चढवला. ते आता काडी झालेत तरी खांद्याला बरोबर बसला. बाबांचे खांदे केवढे होते आठवतंय ना. आईला आठवलेच असतील. ती बघत राहिली. मग तिनं विचारलं, आणि आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली.

"भावजी, तिकडे तुम्हाला काही ऐकू यायचं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते हो म्हणाले.

"आणि ह्यांना?"

"नाही, वहिनी."

"एकदाही नाही?"

"नाही."

"ते आहेत का?"

काका नाही म्हणून नुसती मान हलवत राहिले. मागे बसलेली थोंगसाय उठून निघून गेली. दारात दोन शेजारणी ताटं घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग काका आईच्या पायांशी वाकले. "मी तुमच्या माणसाच्या वाट्याचं खाल्लं," म्हणाले. मला वाटलं, आता ही कोट फाडेल, तबक उलथेल. तुला तिचा राग ठाऊक आहे.

तिनं दोरा उचलला. त्यांचं मनगट ओढून घेतलं, गाठ मारली, आणि म्हणाली, "खाल्लंत तर खाल्लंत. बोलावल्यावर कोणीतरी आलं तरी." मग तिनं त्यांच्या नावानं हाक मारली, फोम्मा म्हणून, एकदाच. काका लहान मुलासारखे रडले.

बाकीचं आम्ही सगळ्यांनी निमूट उरकलं. अंडी शेजारणींना वाटली. आई भिंतीकडे तोंड करून निजली ती अजून उठल्यासारखी नाही. भात खाते, बोलत नाही. पहाटे भिक्खूंना भात घालायलाही खाली येत नाही, मीच बसते. मला वाटायचं, कळलं की मरेल. ती मेली नाही, पण घरात असूनही सापडत नाही. मला तुझी फार गरज वाटते आहे, आणि तुझा रागही येतो आहे. तू निघून गेलास म्हणून हे सगळं माझ्यावर आलं, हे खरं आहे. तू राहिला असतास तर तुलाही नेलं असतं, हेही खरं आहे. मी दोन्ही रोज स्वतःला सांगते.

वानपेंग


लुआंग प्रबांग
९ जून १९९०

दादा,

आई बोलली. परवा पावसाची सर थांबल्यावर ती उठली, केस विंचरले, आणि मला म्हणाली, "सोमफोनला लिही." मी पेनच शोधत राहिले, इतकी गडबडले. तुझं नाव तिच्या तोंडून ऐकून किती काळ झाला होता.

मी म्हटलं, काय लिहू? ती म्हणाली, मी सांगते तसंच लिही, आपल्या पदरचं घालू नकोस. तर हे तिचे शब्द.

"सोमफोन, तुझ्या बापाला मी इतकी वर्षं हाका मारल्या. सगळ्या शेजारच्या चटईवर गेल्या. तो कान देऊन बसला आणि त्याला काही आलं नाही. मग तो गेला. रानात पुरला. त्याच्या नावानं भिक्खूंना भात घातला नाही मी, जिवंत माणसाच्या नावानं घालत नाहीत म्हणून. म्हणजे गेल्यापासून तो उपाशी आहे, माझ्या हातून. मी तुला नको ते बोलले. सगळ्या घरात त्याच्या खऱ्या नावानं काही केलं असेल तर ते तू केलंस. मला सांग, नीट केलंस ना?"

इथं ती थांबली. काका खाली मागापाशी बसून काठ्या तासत होते. शाळेतल्या मुलांना ढोल शिकवायला त्यांना बोलावलंय, आणि ते म्हणतात, त्या पोरांच्या हातात ढोल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्यांनाही ऐकू जावं म्हणून की काय, आईनं आवाज चढवला.

"हे विचार त्याला. पुण्य पोचवायचं पाणी ओतलं का? भांड्यात न ठेवता नंतर झाडाच्या मुळाशी नेऊन घातलं का? ओतताना धार मध्ये तुटली नाही ना? आणि नाव कसं घेतलं? नुसतं उदोन म्हणून चालत नाही, उदोन गावोगाव आहेत. थित उदोन, भिक्खू होऊन घरी परतलेला, सीदाचा नवरा, लुआंग प्रबांगच्या नदीकाठच्या वस्तीतला, घंटा वाजवणारा, असं म्हणाला का? नाहीतर तेही जायचं दुसऱ्याच कुणाच्या घरी."

मी म्हटलं, "आई, दादा तेव्हा केवढासा होता. परका देश."

"केवढासा कसला, पंचविशी उलटली होती त्याची. माझ्या डोळ्यांदेखत आजोबांच्या कार्यात शिकलाय तो. येतं त्याला. केलं असेल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "केलं असेल ना, वानपेंग?"

मी हो म्हटलं. मला काय ठाऊक?

ती रोज पहाटे खाली येऊन बसते आता. पण भिक्खूंच्या पात्रात भात घालताना बाबांचं नाव घेत नाही. म्हणते, आधी सोमफोनचं उत्तर येऊ दे. त्यानं रस्ता मोकळा केला असेल तर माझा भात पोचेल, नसेल केला तर कुठे जाईल कोण जाणे. आता माझा माझ्या हातावर भरवसा नाही. तिचं सगळं तुझ्यावर येऊन ठेपलंय. तू ये असंही म्हणते, पण तोंडानं नाही. तुझी जुनी चटई तिनं उन्हात घातली होती. मी म्हटलं, त्याच्या ख्वानांना बोलवायचं का, पेटीत त्याचा सदरा आहे. म्हणाली, "नको. कपड्यांना हाका मारणं पुरे झालं. माणूस येईल तेव्हा येईल."

यातले तिचे शब्द तेवढे मी तिला वाचून दाखवले. इथून पुढचं माझं.

मी तुझी बहीण आहे. आजोबांच्या कार्यात तू मागे बसून डुलक्या घेत होतास, हे आईनं पाहिलं नाही, मी पाहिलं. तू पाठवलेला फोटो तिनं फाडला असं तुला लिहिलं होतं, पण तुकडे मी ठेवले. काल जोडून बघितले. तुझं मुंडण आहे, बाबांची तसबीर आहे, उदबत्त्या आहेत. पाण्याचं भांडं मला दिसत नाही. तुकडा हरवला असेल.

दोन कागद पाठव. एक आईचा, त्यावर मोठ्या अक्षरात फक्त "हो" लिही, म्हणजे तिला स्वतःला अक्षर लावून वाचता येईल. दुसरा माझा, त्यावर खरं काय ते लिही. आणि पाणी ओतलं नसशील, किंवा ओतलं होतंस की नाही हे आठवत नसेल, तर आधी उठ. तिकडच्या विहारात जा, धार तुटू न देता ओत, पूर्ण नाव घे, तिनं सांगितलंय तसं. झाडाच्या मुळाशी नेऊन घाल. मग घरी येऊन तिच्या कागदावर "हो" लिही. तारीख मात्र घालू नकोस.

तुझी,
वानपेंग